इलेक्टोरल कॉलेज: खरा दोष लहान राज्यांच्या जादा वजनात, की 'जिंकेल त्याला सगळं' या पद्धतीत?

डेलावेअरकाठची

२०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प यांना इलेक्टोरल कॉलेजची ३१२ मतं मिळाली, आणि देशभरातली एकूण मतंही कमला हॅरिस यांच्यापेक्षा सुमारे २३ लाखांनी जास्त पडली. दोन्ही मोजण्यांचा निकाल एकच लागल्यामुळे २००० आणि २०१६ नंतर (दोन्ही वेळा देशभरात कमी मतं मिळवणारा जिंकला होता) पेटलेला वाद सध्या थंड आहे. मला वाटतं, हा विषय काढायची हीच वेळ आहे. आपला उमेदवार 'जास्त मतं मिळवूनही हरला' अशी सल या घडीला कुणाच्याच मनात नाही, तेव्हा शांतपणे बोलता येईल.

ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक राज्याला प्रतिनिधीगृहातल्या त्याच्या जागा अधिक सिनेटच्या दोन, एवढे इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, मिळतात. राजधानी वॉशिंग्टनचे ३ धरून एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी ४८ राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे इलेक्टर.

टीका करताना बहुतेक जण वायोमिंगकडे बोट दाखवतात. तिथे पावणेसहा लाख लोकवस्तीला ३ इलेक्टर, तर कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाखांना ५४. म्हणजे तिकडे एक लाख ९२ हजार माणसांमागे एक इलेक्टर आणि इकडे सात लाख ३२ हजारांमागे एक. हे अन्यायाचं आहेच. पण मुख्य दुखणं तिथे नाही, असं माझं ठाम मत आहे. २०१६ घ्या. राज्यवार निकालांनुसार ट्रम्प ३०६, हिलरी क्लिंटन २३२. (सात इलेक्टरांनी भलतीकडे मत दिल्यामुळे अधिकृत नोंद ३०४ आणि २२७ अशी झाली.) आता प्रत्येक राज्याचे सिनेटपोटी मिळालेले दोन इलेक्टर वजा करा. ट्रम्प यांनी ३० राज्यं जिंकली होती, त्यांचे उरतात २४६. हिलरींची २० राज्यं आणि वॉशिंग्टन, त्यांचे उरतात १९०. म्हणजे लहान राज्यांचं जादा वजन पार काढून टाकलं तरी देशभरात २८ लाखांहून अधिक मतांनी पुढे असलेल्या हिलरी हरल्याच असत्या. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून त्या अठ्ठ्याहत्तर हजारांहूनही कमी मतांनी मागे होत्या, आणि तेवढ्यावर तिथले ४६ इलेक्टर एकगठ्ठा गेले.

मी न्यू जर्सीत राहते. इथे १९८८ नंतर रिपब्लिकन उमेदवार जिंकलेला नाही, त्यामुळे आमच्या १४ इलेक्टरांची कुणाला काळजी नाही. ट्रेंटनचा पूल ओलांडला की पलीकडे पेनसिल्व्हेनियाची बक्स काउंटी लागते. माझी मैत्रीण तिथे राहते. ऑक्टोबरात तिच्या पत्रपेटीत रोज मूठभर जाड, चकचकीत पत्रकं पडायची. फोन बंद ठेवावा लागायचा. शनिवार-रविवारी दार वाजवणाऱ्या कार्यकर्त्यांची रीघ असायची. आमच्याकडे एकही पत्रक आलं नाही, एकही माणूस आला नाही. आम्ही दोघी एकाच कंपनीत काम करतो, एकाच दुकानातून भाजी आणतो, मुलांच्या शिक्षणाची आणि विम्याची काळजीही सारखीच. तिचं मत मागायला दोन्ही पक्ष उंबऱ्यावर उभे, आणि माझं मत गृहीत धरलेलं.

मिशिगनकर

ताई, आकडेमोड बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही.

२०१६ मध्ये हिलरींना २८ लाख मतं जास्त पडली, म्हणून त्याच 'खऱ्या' विजेत्या, असं म्हणता येत नाही. दोघांपैकी कुणीच एकूण मतांसाठी लढत नव्हतं. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण घेतले, जोकोविचने २०४, आणि जिंकला जोकोविच. कारण टेनिसमध्ये सेट मोजतात आणि हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असतं. एकूण मतांची शर्यत असती तर ट्रम्प यांनी कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कमध्ये सभा घेतल्या असत्या, निकाल ठरलेला म्हणून घरी बसणारे तिथले रिपब्लिकन बाहेर पडले असते. निकाल काय लागला असता, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही.

दुसरं म्हणजे हा देश राज्यांचा संघ आहे. इलेक्टोरल कॉलेजमुळे उमेदवाराला वेगवेगळ्या प्रदेशांतून पाठिंबा जमवावा लागतो. मिशिगनमध्ये मोटार कामगार आहेत, विस्कॉन्सिनमध्ये दूधधंदा, ॲरिझोनात सीमेचा आणि पाण्याचा प्रश्न. निव्वळ बेरीज धरली तर सगळा प्रचार मोठ्या शहरांत एकवटेल आणि मधल्या अमेरिकेला कुणी वाली उरणार नाही.

डेलावेअरकाठची

मिशिगनकर, शहरांची भीती आकड्यांत टिकत नाही. देशातल्या दहा सर्वांत मोठ्या शहरांची लोकसंख्या एकत्र केली तर अडीच-पावणेतीन कोटी होते, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या आठ टक्क्यांच्या आसपास. त्यातले सगळे मतदार एकाच पक्षाचे धरले तरी तेवढ्यावर कुणी राष्ट्राध्यक्ष होत नाही.

आणि विविध प्रदेशांचा पाठिंबा म्हणता, तर प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. २०२४ मध्ये लढत सात राज्यांत झाली: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेवाडा. उरलेल्या ४३ राज्यांनी ती टीव्हीवर पाहिली. वायोमिंगला उमेदवार जात नाहीत, व्हरमाँटला जात नाहीत, मिसिसिपीला जात नाहीत. ज्या लहान राज्यांसाठी ही पद्धत आहे असं आपण ऐकत आलो, त्यातल्या बहुतेकांना तिचा काडीचाही उपयोग नाही.

धोरणंही त्याच हिशेबाने ठरतात. टिपवरचा प्राप्तिकर माफ करण्याची घोषणा ट्रम्प यांनी जून २०२४ मध्ये लास वेगासला केली, ऑगस्टमध्ये हॅरिस यांनीही तिथेच तेच आश्वासन दिलं. हॉटेलांत टिपांवर जगणारे कामगार सगळीकडे आहेत. नेवाडात मात्र ते निकाल फिरवू शकतात. जपानच्या निप्पॉन स्टीलने यूएस स्टील विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा बायडन आणि ट्रम्प दोघांनीही विरोध केला. कंपनीचं मुख्यालय पिट्सबर्गला, पेनसिल्व्हेनियात.

तुमच्याच रिपब्लिकन पक्षाचं एक उदाहरण देते. २०२० मध्ये ट्रम्प यांना सर्वांत जास्त मतं कोणत्या राज्यात पडली? टेक्सासमध्ये नाही, कॅलिफोर्नियात! साठ लाखांहून जास्त. त्या साठ लाख माणसांच्या मतांतून एक इलेक्टरही निघाला नाही.

जुना_वाचक

ताई, तुमच्या मांडणीत २००० साल सुटलंय. त्या वेळी सिनेटचे दोन-दोन वजा केले तर निकाल उलटतो. बुश ३० राज्यं, २७१ मधून ६० गेले, राहिले २११. गोर २० राज्यं आणि वॉशिंग्टन, २६७ मधून ४२ गेले, राहिले २२५. (त्यातल्या एका इलेक्टरने मत कोरं ठेवलं म्हणून नोंद २६६ ची आहे.) तेव्हा लहान राज्यांचं वजन हा किरकोळ मुद्दा नाही.

आता सुरुवातीच्या काळाबद्दल. १७८७ च्या फिलाडेल्फियातल्या घटना परिषदेत थेट निवडणुकीचा विचार झाला होता. घटनेचे एक प्रमुख शिल्पकार मॅडिसन यांनी १९ जुलैच्या भाषणात तत्त्व म्हणून थेट निवडणूक योग्य म्हटली आणि लगेच अडचणही सांगितली: उत्तरेत मताधिकार जास्त पसरलेला आहे, दक्षिणेला तिच्या गुलामांच्या संख्येचा अशा निवडणुकीत काही फायदा होणार नाही. प्रतिनिधीगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायचं ठरलं होतं. इलेक्टरांची संख्या त्या जागांना जोडली की मताचा अधिकार नसलेल्या माणसांच्या नावावर त्यांच्या मालकांचं वजन वाढलं. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा होता. हा इतिहास बाजूला ठेवून 'संघराज्य' एवढंच बोलणं अपुरं आहे.

'जिंकेल त्याला सगळं' हे तर घटनेत नाहीच. इलेक्टर कसे नेमायचे ते राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचं, एवढंच घटना म्हणते. १७९६ मध्ये व्हर्जिनियात जिल्हावार निवड होती आणि एक इलेक्टर व्हर्जिनियाच्या जेफरसन यांचे प्रतिस्पर्धी ॲडम्स यांच्याकडे गेला. १८०० च्या निवडणुकीपूर्वी जेफरसन यांनी मन्रो यांना लिहिलं की जिल्हावार पद्धत सर्वांत चांगली, पण सगळ्यांनी पाळली तरच. बाकीची राज्यं एकगठ्ठा देत असताना आपण विभागून देणं हा मूर्खपणा. व्हर्जिनियाने पद्धत बदलली. तिकडे ॲडम्सच्या मॅसॅच्युसेट्सने इलेक्टरांची निवड जनतेकडून काढून विधिमंडळाकडे घेतली. १८३६ पर्यंत साउथ कॅरोलायना वगळता सगळी राज्यं एकगठ्ठ्यावर आली होती. पक्षाच्या सोयीसाठी सुरू झालेली ही चाल आहे.

ओमाहावासी

मी नेब्रास्कात नोकरीनिमित्त राहतो. मला मताधिकार नाही, पण इथली वेगळी पद्धत रोज डोळ्यांसमोर असते म्हणून लिहितो.

नेब्रास्काचे ५ इलेक्टर. दोन राज्यभरच्या विजेत्याला, बाकी तीन काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) एकेका मतदारसंघाच्या विजेत्याला. ओमाहाचा दुसरा मतदारसंघ २००८ मध्ये ओबामांकडे गेला, २०२० मध्ये बायडन यांच्याकडे, २०२४ मध्ये हॅरिस यांच्याकडे. राज्य पक्कं रिपब्लिकन. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर आमच्या गल्लीत अंगणाअंगणात पांढऱ्या पाट्या दिसू लागल्या. त्यावर उमेदवाराचं नाव नाही, पक्षाचं चिन्ह नाही, अक्षरही नाही. मधोमध फक्त एक निळा ठिपका. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, हा ठिपका म्हणजे नकाशातलं आपलं ओमाहा. एका इलेक्टरसाठी माणसं किती जिवापाड झटतात ते तेव्हा पाहिलं.

त्याच सप्टेंबरात राज्याची पद्धत बदलून एकगठ्ठा करायचा जोरदार प्रयत्न झाला. माइक मॅकडॉनल या रिपब्लिकन राज्य सिनेटरांनी, जे आधी डेमोक्रॅट होते, निवडणुकीच्या तोंडावर नियम बदलायला नकार दिला आणि प्रयत्न बारगळला. सगळीकडे मतदारसंघवार पद्धत आणली तर ताईंचा प्रश्न सुटेल, असं मला वाटतं.

मिशिगनकर

ओमाहावासी, सुटणार नाही, उलट चिघळेल. २०१२ चा निकाल ही पद्धत देशभर लावून पाहा. ओबामा देशात जवळपास ५० लाख मतांनी पुढे होते. पण रॉम्नी २२६ मतदारसंघांत पुढे, ओबामा २०९ मध्ये. राज्यांचे दोन-दोन मिळवले की रॉम्नी २७४, ओबामा २६४. मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळातले पक्ष आखतात. राष्ट्राध्यक्षपदही त्या आखणीवर ठरू लागलं तर काय होईल ते सांगायला नको.

ओमाहावासी

हा आकडा मला माहीत नव्हता. मग ओमाहात जे चांगलं दिसतं ते ५० राज्यांत नेता येणार नाही, हे मान्य.

विदर्भवासी

मला एक कळत नाही. आपल्याकडे काय वेगळं आहे? २०१८ मध्ये मध्य प्रदेशात भाजपला ४१.०२ टक्के मतं, काँग्रेसला ४०.८९; जागा मात्र काँग्रेसला ११४, भाजपला १०९. कर्नाटकातही त्याच वर्षी काँग्रेसची मतं जास्त आणि जागा भाजपच्या जास्त. आपण कुणी म्हणालो का की लोकशाही बुडाली? आपले राष्ट्रपतीसुद्धा निर्वाचक मंडळच निवडतं.

जुना_वाचक

विदर्भवासी, तुलना योग्य आहे, पण ती शेवटपर्यंत न्या. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आमदाराच्या मताचं मूल्य लोकसंख्येवरून काढतात, १९७१ च्या जनगणनेवरून. महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, गोव्याच्या आमदाराचं २०. लहान राज्याला जादा काही नाही. आणि महाराष्ट्राच्या २८८ आमदारांची मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात जात नाहीत. जो तो आपापलं गुप्त मत देतो. २००७ मध्ये शिवसेना भाजपबरोबर असूनही तिने प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला, तो त्या मोजणीत तसाच उतरला.

लोकसभेचं म्हणाल, तर अमेरिकी पद्धत आपल्याकडे लावली असती तर महाराष्ट्रात एक मत जास्त मिळवणाऱ्या पक्षाला ४८ च्या ४८ जागा मिळाल्या असत्या. बारामतीचा, नागपूरचा, रत्नागिरीचा निकाल वेगळा असून काही फरक पडला नसता. मध्य प्रदेशातली तफावत २३० वेगळ्या लढतींतून आली. अमेरिकेत एका रेघेने अख्खं राज्य जातं.

मिशिगनकर

माझा सर्वांत महत्त्वाचा आक्षेप अजून कुणी विचारात घेतलेला नाही. अमेरिकेत आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही. निवडणूक राज्यं घेतात, मोजणी काउंट्या करतात, नियम पन्नास प्रकारचे. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातला कैदीही मत देतो, इतर बहुतेक राज्यांत गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगताना तो हक्क नाही. कुठे ओळखपत्र सक्तीचं, कुठे नाही. वेगवेगळ्या नियमांनी पडलेली मतं एका बेरजेत कशी घालणार?

आणि फेरमोजणी? २००० मध्ये एकट्या फ्लोरिडात ३६ दिवस गेले. छिद्रं पाडायच्या कार्डांवरचा तो कागदाचा कपटा पूर्ण तुटलाय, एका कोपऱ्याने लोंबतोय की नुसता दबलाय, हे अधिकारी एकेक कार्ड उजेडाकडे धरून, भिंगातून बघत होते. फरक ५३७ मतांचा. १२ डिसेंबरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोजणी कायमची थांबली. एकूण मतांची निवडणूक अटीतटीची झाली, तर हे पन्नास राज्यांतल्या प्रत्येक मोजणी केंद्रावर करावं लागेल. १८८० मध्ये गारफिल्ड यांचं देशभरातलं मताधिक्य दहा हजारांच्याही आत होतं, हे विसरू नका.

डेलावेअरकाठची

वेगवेगळ्या नियमांचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत वजनदार आक्षेप आहे, मिशिगनकर. माझं उत्तर असं की निदान राष्ट्राध्यक्षपदापुरते नियम समान करायला हवेत. ते काम अवघड आहे, पण अवघड आहे म्हणून आजची विषमता योग्य ठरत नाही.

फेरमोजणीचं मात्र उलट आहे. एक मोठी बेरीज पन्नास तुकड्यांत कापली की काठावरचे निकाल कमी होत नाहीत, वाढतात. २०२० मध्ये बायडन देशात ७० लाखांनी पुढे होते. त्यावर कुणी फेरमोजणी मागितली नसती. पण ॲरिझोनात १०,४५७, जॉर्जियात ११,७७९, विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२ एवढाच फरक होता, आणि ही तीन राज्यं फिरली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी. म्हणून तर जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांनी जॉर्जियाचे निवडणूक प्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितली. एका राज्यातल्या एका अधिकाऱ्यावर दबाव आणून १६ इलेक्टर फिरवता येतात, हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका आहे. सत्तर लाख मतं शोध, असं कुणालाही सांगता येत नाही.

आणि बरोबरी झाली असती तर? मग निवड प्रतिनिधीगृह करतं, आणि तिथे प्रत्येक राज्याला एक मत. कॅलिफोर्नियाला एक, वायोमिंगला एक, वॉशिंग्टन शहराला शून्य. १८२५ मध्ये कुणालाच इलेक्टरांचं बहुमत नसल्यामुळे याच वाटेने जॉन क्विन्सी ॲडम्स निवडले गेले, जनतेची आणि इलेक्टरांचीही जास्त मतं अँड्र्यू जॅक्सन यांना असताना.

यात फक्त डेमोक्रॅटांचं नुकसान होतं, असं समजू नका. २००४ मध्ये बुश देशात ३० लाखांनी पुढे होते, पण ओहायोत १ लाख १८ हजार मतांचा फरक उलटा पडला असता तर केरी राष्ट्राध्यक्ष झाले असते. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिनमधला फरक मिळून २ लाख ३० हजार होता. तो भरून निघाला असता तर हॅरिस बरोबर २७० वर पोचल्या असत्या, कमी मतं मिळवून. तेव्हा मिशिगनकर, तुमच्या बाजूचे लोक रस्त्यावर आले असते, आणि त्यांचं म्हणणं रास्त असतं.

विदर्भवासी

हा शेवटचा आकडा मला हलवून गेला. पण बदल होणार कसा? घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यं लागतात.

जुना_वाचक

एकदा जवळ आला होता. १९६९ मध्ये प्रतिनिधीगृहाने थेट निवडणुकीची दुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली, निक्सन यांनीही पाठिंबा दिला. १९७० मध्ये सिनेटमध्ये दक्षिणेतल्या आणि लहान राज्यांतल्या सदस्यांनी चर्चा लांबवत नेली. ती थांबवायच्या ठरावाला ५४ विरुद्ध ३६ मतं पडली, आणि लागत होती दोन तृतीयांश.

आता दुसरी वाट चालू आहे. काही राज्यांनी आपसांत करार केलाय: सामील राज्यांचे मिळून २७० इलेक्टर झाले की सगळे आपापले इलेक्टर देशभरातल्या विजेत्याला देतील. मेरीलँड २००७ मध्ये पहिलं आलं. २०२४ मध्ये मेन आल्यावर आकडा २०९ झाला.

मिशिगनकर

हा करार मला सर्वांत कमी पटतो. घटना बदलायला लोक तयार नाहीत म्हणून तिला वळसा घालायचा, हे बरं नव्हे. राज्यांनी आपसांत करार करायला काँग्रेसची संमती लागते असं घटनेत कलम आहे, त्यावर न्यायालयात झगडा होणारच. शिवाय उद्या पाच उमेदवार उभे राहिले आणि ३० टक्क्यांवर कुणी पहिला आला, तर करार त्यालाच गादीवर बसवेल. २००२ मध्ये फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत शिराक यांना वीस टक्केही नव्हते आणि ले पेन सतरा टक्क्यांवर दुसरे होते. तिथे दुसरी फेरी होती म्हणून निभावलं. पन्नास टक्क्यांची अट आणि दुसरी फेरी ठेवून घटनादुरुस्ती आली, तर मी विरोध करणार नाही. हे मी पहिल्यांदाच म्हणतोय, आणि ओमाहा-ट्रेंटनची वर्णनं वाचून म्हणतोय.

डेलावेअरकाठची

पन्नास टक्क्यांची अट मला मान्य आहे. ती नवीनही नाही: जॉर्जियात सिनेटसाठी दुसरी फेरी होते, आणि मेनमध्ये २०२० पासून राष्ट्राध्यक्षपदालाही पसंतीक्रमाने मत देता येतं, म्हणजे दुसऱ्यांदा मतदान न घेता तोच हेतू साधतो. न्यू जर्सी २००८ पासून करारात आहे. आमच्या काँग्रेस सदस्याला मी याच आठवड्यात पत्र लिहिते: करार राहू द्या, पण दुसऱ्या फेरीसह थेट निवडणुकीची दुरुस्तीही मांडा. मिशिगनकर, तुम्हीही तुमच्या सदस्याला लिहा. रिपब्लिकन मतदाराचं एक पत्र माझ्या दहा पत्रांपेक्षा जास्त वाचलं जाईल. मसुदा हवा असेल तर इथे टाकते.

मिशिगनकर

टाका. समान नियमांचा परिच्छेद मात्र मी लिहीन.